दुसरी धाव

'गार' नावाचा लांब जबड्याचा मासा आमिष धरून आधी पळतो, मग थांबून ते गिळतो आणि पुन्हा पळायला लागतो. त्या दुसऱ्या धावेलाच दोरीला हिसका द्यायचा, म्हणजे गळ आत रुततो. ट्रिनिटी नदीच्या काठावर वाढलेल्या कुणालाही हे शिकवावं लागत नाही.

भर दुपारी माझ्या धाकट्या भावाच्या, वेल्डनच्या गळाचं रीळ दोरी सोडत टिकटिकायला लागलं. दोरीला तरंगायला बांधलेली पांढरी बाटली सरळ पलीकडच्या काठाकडे निघाली.

"घाई करू नकोस. मागचा तू असाच घालवलास," मी म्हणाले.

"ताई, तू बोलायची थांबलीस की मासा आपोआप लागतो."

बाटली काठाला टेकली. मग चिखलावरून हळूहळू वर चढली आणि झाडीत दिसेनाशी झाली. रीळ थांबलं.

"कुणीतरी मस्करी करतंय," वेल्डन म्हणाला.

पलीकडे दलदल आहे. तिथे कुणी जात नाही.

"कापून टाक दोरी."

"का म्हणून? माझी आहे."

त्याने दोरी मुठीला गुंडाळली आणि ओढत काठ चढायला लागला. दोरी अगदी सहज येत होती. आमचं रीळ गप्प होतं, पण पलीकडच्या झाडीतून टिकटिक ऐकू येत होती.

दम लागला म्हणून तो थांबला. टिकटिकही थांबली.

त्याने मुठीला आणखी एक वेढा घेतला. मला एकदम कळलं.

"वेल्डन, हलू नकोस!"

"गप गं," म्हणत तो पुन्हा चालायला लागला.