अकरा शब्द

"काकू, आज तुम्ही बसा माझ्या खुर्चीत," मुलगी म्हणाली.

काकू स्वयंपाकघराच्या दारात ओले हात पुसत उभ्या होत्या. "मी? नको गं बाई. तूच म्हणालीस ना, मी समोर असले की ते गोंधळतात."

म्हणाली होती खरं. मुलगी वाचा-उपचाराच्या शेवटच्या वर्षाला होती. कॉलेजच्या फेलोशिपवर सहा महिने या वस्तीतल्या आरोग्य केंद्रात राहायचं आणि घरोघरी जाऊन पेशंट बघायचे, असं तिचं काम. काकांची वाचा अर्धांगाच्या झटक्यात गेली होती. पहिल्याच दिवशी तिने चित्राचं कार्ड धरलं, काका 'कि... कि...' करत अडखळले, आणि काकूंनी "किल्ली!" म्हणून टाकलं. काकांनी तोंड मिटून घेतलं ते घेतलंच. तेव्हा तिने अगदी गोड शब्दांत काकूंना आत पाठवलं होतं. तेव्हापासून दर मंगळवारी आणि शुक्रवारी काकू आत.

आजचा शुक्रवार शेवटचा. विद्यार्थ्यांची पुढची तुकडी कधी येणार, येणार की नाही, हे केंद्रात कुणालाच ठाऊक नव्हतं.

"आता तुम्हालाच करून घ्यायचंय," ती म्हणाली. "किती छान प्रगती आहे त्यांची. अकरा शब्द झाले."

"झाले ना. अकराच्या अकरा तुझ्यापाशी." काकू हळूच म्हणाल्या, काकांना ऐकू जाऊ नये अशा बेताने. "मी दाराआडून ऐकले. तू गेलीस की हे गप्प. मग मी रेडिओ लावते."

 मुलीने काकूंना खांद्याला धरून खुर्चीत बसवलं, कार्डांचा गठ्ठा हातात दिला. "घाई करायची नाही. त्यांचा शब्द आपण पुरा करायचा नाही. मी आत थांबते."

स्वयंपाकघरात दाराला लागूनच एक स्टूल होतं. त्यावर घडी घालून ठेवलेली चादर. मुलगी बसली, डोकं मागे टेकलं, आणि मग वळून पाहिलं. नेमक्या डोक्याच्या उंचीवर भिंतीचा चुना तेलकट, काळपट झाला होता. ती पुन्हा टेकून बसली नाही.

बाहेर काकूंनी घसा साफ केला. "हं, काका, हे काय आहे बरं?" अगदी मुलीच्याच सुरात. मग स्वतःच ओशाळल्या. "अगं बाई, काका काय! अहो, हे काय आहे?"

गठ्ठ्यातलं पहिलं कार्ड छत्रीचं होतं.

"छ..." काका म्हणाले. "छ..."

मुलीने दाराची चौकट घट्ट धरली. काकू बोलल्या नाहीत.  छत्री काही उघडली नाही. मग कार्ड टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

"जाऊ दे," काकू म्हणाल्या. "नाही जमत मला तिच्यासारखं. हे शिकलेल्यांचं काम."

मुलगी उठली. बाहेर जाऊन सावरून घ्यावं म्हणून तिने पाऊलही टाकलं.

"तुमचे युनिफॉर्मचे शर्ट मी देऊन टाकले," काकू एकदम म्हणाल्या.

मुलगी जागीच थांबली.

"चारही. गेल्या महिन्यात. डेपोतला तो नवा कंडक्टर आला होता, त्याच्या मापाचे निघाले. तुम्हाला विचारायला हवं होतं. पण कसं विचारणार होते मी? कपाट उघडलं की तेच दिसायचे. रागावलात?"

 काकूंचा श्वास आतपर्यंत ऐकू येत होता.

"हं," काका म्हणाले.

"हं म्हणजे हो की नाही?"

"हं."

आणि काकू हसल्या. सहा महिन्यांत मुलीने हे हसणं एकदाही ऐकलं नव्हतं. त्यात थोडं रडूही असावं. "चाळीस वर्षं हेच! बसमध्ये 'पुढे सरका, पुढे सरका' करून घसा कोरडा करायचा, आणि घरी आलं की हं. मेलं एक अक्षर जास्त सांडायचं नाही."

"हं," काका म्हणाले. या वेळी जरा लांबवून.

मग काकू सुटल्याच. थोरल्या जावेचं पत्र आलंय. नवा चष्मा कानामागे टोचतो, पण दुकानदार म्हणतो सवय होईल. वरच्या मजल्यावरची मुलगी पास झाली. शब्दामागे शब्द, कुणी अडवत नव्हतं, आणि मधूनमधून, अगदी जिथे हवा तिथे, काकांचा हं.

'हं' कुठल्याच कार्डावर नव्हता. शिकवणाऱ्या कुणी तो शब्द म्हणून मोजलाही नसता.

शेगडीवर दूध वर येत होतं. मुलीने शेगडी बंद केली. एक ग्लास पाणी प्यायली, ग्लास विसळून पालथा घातला. निरोपाला काय बोलायचं ते तिने जिना चढता चढता जुळवून ठेवलं होतं. दोनच वाक्यं होती. ती दारापाशी उभी राहून वाट पाहू लागली, काकू दम घेतील म्हणून. काकू दम घेत नव्हत्या.

स्वयंपाकघरातून एक बोळ थेट बाहेरच्या दाराला जायचा. चपला हातात घेऊन ती तिकडून निघाली. दार ओढून घेताना, कितीही जपलं तरी, कडी वाजलीच.

आतून कुणी 'कोण' म्हणून विचारलं नाही. काकू गळक्या नळाचं सांगत होत्या: चार दिवस थेंब थेंब गळत होता, मग मीच दोरा गुंडाळला, ऐकताय ना?