स्वच्छ प्रत

ज्योतीरामांनी सहावा गठ्ठा फोडला तेव्हा रद्दीवाल्या धनेशचा धीर सुटला.

"काका, सगळं दुकान विस्कटलंत. सोमवारचा माल सोमवारीच कागदाच्या मिलला गेला. कितीदा सांगू?"

"एकदा बगू दे रे लेकरा. एकदाच." ज्योतीराम पुढच्या गठ्ठ्याची सुतळी दातांनी तोडायला लागले. सत्तरीतले दात ते, सुतळी कसली तुटतेय.

काळेवाडीतल्या त्या दुकानात ते स्वतःच्याच डायऱ्या शोधत होते. एकतीस वर्षं कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर काढलेल्या या माणसानं रोज शिफ्ट सुटली की कंपनीची बस येईपर्यंत दोन-चार ओळी खरडल्या होत्या. कोण कामावर आलं, कुठलं मशीन बसलं, साहेब कुणावर डाफरला. विद्यापीठात या शहराचा इतिहास लिहायला घेतलाय, त्यासाठी कामगारांनी स्वतः लिहिलेलं हवंय, असं अबोली नावाची संशोधक मुलगी गेल्या उन्हाळ्यात घरी येऊन सांगून गेली आणि ज्योतीराम नुसते हवेत तरंगायला लागले. ट्रंक माळ्यावर आहे, काढून ठेवतो, म्हणाले. ट्रंक उघडली तेव्हा मात्र त्यांना लाज वाटली. पानोपानी ग्रीसची बोटं, खाडाखोड, वर शिव्या. लग्नाला निघताना पोराचं तोंड धुवायला नको? त्यांनी डझनावारी नव्या वह्या आणल्या, आठ महिने रोज सकाळी बसून सगळं गोल, ठसठशीत अक्षरात उतरवून काढलं आणि या सोमवारी जुन्या डायऱ्या स्वतःच्या हातानं रद्दीत नेऊन टाकल्या.

आज सकाळी अबोली डायऱ्या न्यायला आली होती. येताना तिनं एक कागद आणला होता. कामगार न्यायालयाची जुनी कागदपत्रं विद्यापीठाकडे आली होती, त्यात तिला कंपनीचा अहवाल सापडला होता. एक्क्याण्णव साली प्रेसखाली सापडून मेलेल्या भीमराजनं मशीनचा सुरक्षेचा गार्ड स्वतःच काढला होता, असं त्यात लिहिलं होतं. भीमराज ज्योतीरामांच्या गावचा. त्यांनीच त्याला औशाहून आणून कामाला लावलेलं. भरपाई मागायला गेलेल्या त्याच्या बायकोला, कस्तुराला, तेव्हा कंपनीनं दारात का उभं केलं नव्हतं ते ज्योतीरामांना आज कळलं. कागद वाचून होताच ते तसेच चपला अडकवून इथं धावत आले होते.

मागोमाग आलेली अबोली आता दुकानाच्या पायरीवर बसून नवी वही चाळत होती. तिला पान सापडलं. तिनं मोठ्यानं वाचलं, "आज दुसऱ्या पाळीत श्री. भीमराज यांचे अपघातात दुःखद निधन झाले. फार वाईट वाटले." तिनं वर पाहिलं. "काका, एवढंच?"

"जुन्यात समदं होतं की." ज्योतीरामांचे हात गठ्ठ्यावर तसेच राहिले. "साहेबानं गार्ड काढायला लावला. माल निघंना म्हणून. भीम्या नको म्हणालता. तर साहेब म्हणला, जमत नसंल तर गेट तिकडं हाय. साहेबाचं नाव, टाइम, समदं लिवलो होतो मी. त्याच रात्री, बस यायच्या आदी."

"मग यात का नाही घेतलंत?"

"शिव्या होत्या ना ताई त्यात. विद्यापीठात शिकलेली मानसं वाचनार. मेलेल्या मानसाच्या पानावर भांडनतंटा… बरं दिसंना."

रागवावं असं अबोलीला वाटत होतं, पण त्या माणसाच्या तोंडाकडे बघून तिचा राग गळून गेला.

धनेशलाही राहवेना. त्यानं मिलवाल्याला फोन लावला, दोन मिनिटं हिंदीत बोलला आणि ठेवला. "काका, काल सकाळीच भिजत टाकलं त्यांनी. लगदा झाला."

ज्योतीराम मटकन वर्तमानपत्रांच्या ढिगावर बसले. भीम्याला दुसऱ्यांदा आपणच प्रेसखाली ढकललं, असं त्यांना वाटत होतं आणि ते कुणाला सांगायचीही सोय नव्हती.

अबोली जरा बाजूला जाऊन तिच्या मार्गदर्शक बाईंशी फोनवर बोलली. परत आली तेव्हा ती त्यांच्याकडे न बघता बोलत होती. "मॅडम म्हणतात, मूळ डायरी नसेल तर अहवालाच्या विरोधात काही मांडता येणार नाही. पण वह्या घेऊन ये म्हणाल्या. मी फोटो पाठवला होता ना, त्यांना अक्षर फार आवडलं. शहराच्या इतिहासाचं प्रदर्शन आहे पुढच्या महिन्यात, त्यात काचेखाली ठेवायच्यात."

"कुठलं पान?"

"हेच. भीमराजकाकांचं."

ज्योतीराम ताडकन उठले. धनेशच्या काउंटरवरचं पेन त्यांनी उचललं, वही तिच्या हातून ओढली आणि 'फार वाईट वाटले'च्या खालच्या रिकाम्या ओळीवर पेन टेकवलं. "लिवतो की आता! शब्दन् शब्द ध्यानात हाय माझ्या!"

अबोलीनं दोन्ही हातांनी त्यांचं मनगट धरलं. "काका, नका. आज लिहिलंत तर ते खोटं ठरेल."

"खोटं?" त्यांचा आवाज फाटला. पेन खाली पडलं. आपल्याच गोल, ठसठशीत अक्षरावर त्यांनी बोट ठेवलं.

"आन् हे? हे खरं ठरनार?"