मधला खांब

शालनचा घरधनी पिंपरीच्या नव्या कारखान्यावर गेला होता आणि चऱ्होलीतल्या घरात बारशाच्या बायका दाटीनं बसून गात होत्या. नणंद कानात नाव सांगायला पाळण्यावर वाकली, तेवढ्यात शालनला आपल्या तान्ह्याच्या गालावर चिमूटभर माती दिसली. तिनं ती पुसली. पाळणा हलला, पुन्हा पडली. तिनं वर पाहिलं. पाळणा टांगलेल्या बसक्या तुळईवर मातीची बोटभर जाड रेघ चढली होती. ती रेघ शालनच्या ओळखीची होती. मधल्या खांबावरची तसलीच रेघ सारवणाचा ओघळ समजून ती दर शनिवारी वरून शेणाचा हात फिरवून झाकायची. “वन्सं, थांबा!” म्हणत तिनं लेकराला उचललं आणि नणंदेच्या हातात दिलं. “नाव ठेवल्याबिगर पाळण्यातनं काढू ने, अपशकुन व्हतो!” सासू यशोदाबाई ओरडल्या. शालननं अंबाड्यातला आकडा काढून तुळईत खुपसला. तो मळलेल्या पिठात जावा तसा मुळापर्यंत आत गेला आणि भोकातून पांढरे किडे वळवळत बाहेर आले. “अगं बया, वाळवी!” नणंद किंचाळली. बायकांचं गाणं थांबलं. त्या शांततेत लाकूड करकरलं. शालननं घाबरून तुळईकडं पाहिलं, पण रिकामा पाळणा स्थिर होता. आवाज मधल्या खांबातून आला होता. सासूबाई त्यालाच पाठ टेकून बसल्या होत्या, घराचं सगळं छप्पर त्याच्यावर होतं, आणि वर्षभर शालननंच तो सुरेख सारवून ठेवला होता.