बिनगिलाव्याची भिंत

"बाई, ही एवढी भिंत तरी झाकू या," मिस्त्री म्हणाले. "वाळू चाळून ठेवलीय. दुपारपर्यंत गिलावा करून देतो."

वास्तुकलेच्या नव्या महाविद्यालयात मुलं आज दुपारनंतर यायची होती. इमारतीचा आराखडा बाईंचा. त्यांनी मुद्दामच काही झाकलं नव्हतं. नळ छताखालून उघडेच नेले होते, आतल्या सळ्या कशा बांधल्यात ते खांबांवर रंगवलं होतं, आणि ही विटांची भिंत गिलाव्याशिवाय उभी होती. मुलांनी आधी इमारतीला हात लावावा, पुस्तक मग उघडावं, असं त्यांचं म्हणणं.

मिस्त्री त्या भिंतीतल्या खिडकीखाली उकिडवे बसले. त्यांनी बोट ठेवलं तिथे तीन थरांचे उभे सांधे एकाखाली एक, सरळ रेषेत आले होते. खालचा सांधा वरच्या विटेनं झाकायचा, हे ते कामाच्या पहिल्याच दिवशी शिकले होते.

"भिंत पडणार आहे का?" बाईंनी विचारलं.

"पडते कशाला! पण चाळीस वर्षं माझं काम गिलाव्याखाली गेलं. कोणी बघितलं नाही. आता पहिल्यांदा लोक बघणार, आणि काय बघणार? हे?"

बाई त्यांच्याशेजारी खाली वाकल्या. "मुलांना बघून जाऊ द्या. मग तुम्ही झाका म्हणालात, तर झाकू."

मुलं आली. कोणी थर मोजले, कोणी विटेला नाक लावून वास घेतला. मिस्त्री खिडकीपुढे पाय जुळवून उभे होते.

"काका, जरा सरकता का?" एक मुलगी वही घेऊन पुढे आली.

सरकावं लागलं. ती वाकली. त्या तीन थरांवरून तिचा तळहात सावकाश फिरला.

"एक नंबर!" ती म्हणाली. "कुठे म्हणून खोट नाही."

"आमच्या घरी अशी भिंत असती, तर बाबांनी तिच्यावर कॅलेंडर टांगलं नसतं," मागून एक मुलगा म्हणाला. सगळे हसले आणि दाराकडे निघाले.

मिस्त्रींचे खांदे सैल झाले. सुटलो, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. मुलगी मात्र खाली बसून भिंत वहीत उतरवून घेत होती. मिस्त्रींनी सहज डोकावून पाहिलं. एकाखाली एक, तीन सांधे. पट्टी लावून, नीटनेटके.

"हे असंच काढलंस?"

"हो. भिंतीत आहे तसंच."

"आणि उद्या घर बांधशील, ते?"

"तेही असंच," ती आनंदाने म्हणाली.

मिस्त्रींनी एकदा वहीकडे पाहिलं, एकदा भिंतीकडे. मग दाराकडे वळून ओरडले, "थांबा रे सगळे! परत या! डोळे आहेत की बटणं?"

मुलं बावरून मागे आली.

"बसा इथे. खाली बसा, कपडे मळू देत. लावा हात. वरची वीट खालच्या सांध्यावर बसायला हवी. बसलीय का? नाही ना? भिंत जरा हलली, की तडा इथूनच वर चढणार."

"एवढ्या चांगल्या भिंतीत हे कोणी केलं?" कॅलेंडरवाल्याने विचारलं. "डुलकी लागली होती की काय?"

"नात झाल्याचा फोन आला होता. फोन कानाशी, आणि हात आपले चालूच."

हशा पिकला. मुलीने वहीतली रेघ खोडली आणि मधली वीट अर्धी सरकवून पुन्हा काढली. मिस्त्रींनी ती निरखून पाहिली आणि मान डोलावली.

बाई जवळ आल्या. हळूच म्हणाल्या, "मग मिस्त्री, गिलाव्याचं काय करायचं?"

मिस्त्रींना ते ऐकूच गेलं नाही. मागची मुलं पुढे येऊ पाहत होती. त्यांच्यासाठी जागा करत ते सांगत होते, "या, या, सगळ्यांनी नीट बघा. ही चूक माझी. आणि उरलेली सगळी भिंतही माझीच."