डंकावरचा निळा डोळा

मिरची कुटायच्या डंकावर सगळ्यांचेच डोळे लाल झाले होते, पण हौसाबाईंचा डावा डोळा एकाएकी निळा झाला.

"अगं, लेन्स निळी झाली! बस खाली," म्हणत त्यांच्या नवऱ्यानं, आनंदरावांनी, डंक बंद केला.

"मिरची गेली असंल, अहो."

"मिरचीनं लेन्स निळी होत नाही. ही आतली सूज आहे."

पूर्वी डोळ्यात घालायच्या अशा लेन्स नव्हत्या. तेव्हा हौसाबाईंच्या उजव्या डोळ्याची लाली दोघांनी मिरचीचीच धरली आणि त्या डोळ्याची नजर गेली. आता लेन्सनं सूज ओळखली, ती निळी झाली आणि तिनं आपणहून औषध सोडलं होतं. निळा रंग उतरला की डोळा वाचला; नाही उतरला तर दवाखाना गाठायचा.

आनंदराव स्टूल ओढून बायकोच्या डोळ्यात बघत बसले. मसाला कुटायला आलेल्या बायका हसायला लागल्या.

"अहो, लोक बघतायत!"

"बघू देत. लग्नात मान खाली घालून बसलीस, तेव्हाचं बघायचं राहिलंय."

हळूहळू निळा रंग विरला. खालचं तपकिरी बुबुळ दिसू लागलं.

"उतरला का हो?" हौसाबाईंनी भीतभीत विचारलं.

"उतरला की मघाशीच."

"मग डंक चालू करा!"

"असू दे मावशी," रांगेतली एक बाई म्हणाली, "आम्हाला काही घाई नाही."