लिझबेटचं पाणी

“ही लिझबेट कोण?” इन्स्पेक्टरने निनावी पत्र नाचवलं. “तू रोज पहाटे तिच्याशी जर्मनमध्ये बोलतोस. हेर आहे ती?”

जर्मनीशी युद्ध पेटून आठवडा झाला होता, तरी जर्मन केलरमनला हसू फुटलं. या कॅरिबियन बेटावर बर्फाचा कारखाना त्यानेच काढला होता. “अहो, ते आमचं बर्फाचं यंत्र चालवणाऱ्या बॉयलरचं नाव! फक्त आम्हा दोघांनाच ठाऊक. या माझ्या भागीदारालाच विचारा.”

सिप्रियन खाली बघत म्हणाला, “मी नाही ऐकलं कधी हे नाव.”

केलरमनचं हसू विझलं. त्याने हात पुढे केले. निघताना म्हणाला, “लिझबेटचं पाणी बघ रे, कमी झालंय.”

“आत्ताच भरलं,” सिप्रियन सवयीने बोलून गेला.

इन्स्पेक्टरने ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि बेड्यांची किल्ली खिशात टाकली.