कॉपी झालंच नव्हतं

"डोकं गहाण ठेवलंयस का? जरा लाज असेल तर राजीनामा दे!"

सरांचा हा मेसेज कॉपी करून मी बहिणीला पाठवला. मग नोट्सचं ॲप उघडून दात-ओठ खात माफीनामा लिहिला. चूक माझी नव्हती, पण नोकरी हवी होती.

त्या ॲपमध्ये मी 'विम' या प्रोग्रामर लोकांच्या एडिटरच्या शॉर्टकट कळा वापरते; त्यात 'वाय' म्हणजे कॉपी. सवयीनं 'वाय' दाबून माफीनामा कॉपी केला, सरांच्या चॅटमध्ये पेस्ट केला आणि त्याच तिरमिरीत न वाचता पाठवला. 'वाय'ची कॉपी ॲपबाहेरच्या क्लिपबोर्डवर जातच नाही, हे साफ विसरले. तिथं अजून सरांचाच मेसेज होता.

लगेच त्यांचा फोन आला. "मला अरेतुरे करतेस? असं बोलतात का माणसाशी? कुणी शिकवलं हे तुला?"

ओठांवर आलेली माफी मी गिळली.

"तुम्हीच, सर. चॅट जरा वर सरकवून बघा."